बुरशीबाई आणि मुरलेली ताटी

बुरशीबाईंबद्दल काहीतरी लिहून ठेवा, असं माझी बायको शकुंतला मला कित्येक वर्षं सांगत होती. मी दर वेळी काही ना काही कारण काढलं. चष्म्याचा नंबर बदलायचा आहे, सीझन सुरू झाला आहे, सीझन आत्ताच संपला आहे. खरं कारण तिला माहीत होतं आणि मलाही. बाईंबद्दल चांगलं लिहायला बसलो की त्या सगळ्या चांगल्याच्या शेवटी माझंच तोंड समोर येतं, आणि ते मला बघायचं नव्हतं. आता शकुंतला नाही. मागे लागणारं कोणी उरलं नाही, म्हणून आपणहून लिहितो आहे.

बाई म्हणजे नागपूरच्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टर. त्यांचं नाव वेगळं होतं, पण वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे पाठीमागे त्यांना बुरशीबाई म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यांदा भेटणाऱ्याच्या लक्षात राहायचं ते त्यांचं नाक. दिसायला साधंच, जरा बसकं. पण कुठल्याही खोलीत शिरण्याआधी बाई दारात थांबत, डोळे मिटत आणि हुंगत. मग आत न येताच सांगत, "त्या कोपऱ्यातल्या गादीखाली ओल आहे," किंवा "कोणाच्या डब्यात परवाचा ब्रेड आहे? काढा बाहेर." डबा उघडला की ब्रेडवर हिरवी लव दिसायची. सिस्टर तोंड वाकडं करायच्या. बाई तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरून कौतुकानं पाहायच्या. "किती नाजूक आहे पाहा. हिचं माझं काही भांडण नाही. फक्त हिनं माझ्या पेशंटच्या छातीत घर करू नये."

मी त्यांच्या वॉर्डात गेलो तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती आणि मी तिशीत होतो. इतवारीत आमचं कूलरचं दुकान होतं. वडील वाळ्याच्या ताट्या बांधायचे, मी त्यांना पत्रा, पंखा आणि पाण्याची टाकी जोडून कूलर करायला लागलो. नागपूरकरांना सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो. ताटी म्हणजे कूलरच्या तीन बाजूंना लागणारी जाळीची चौकट, आत वाळा किंवा लाकडाचा कीस भरलेला. तिच्यावरून पाणी झिरपतं, पंखा बाहेरची तापलेली हवा तिच्यातून ओढतो आणि खोलीत गारवा येतो.

मला लहानपणापासून दमा. त्यावर उमरेडच्या रस्त्यावरचा एक वैदू पांढरी पुडी द्यायचा. पुडी घेतली की छाती मोकळी. मी ती वर्षानुवर्षं घेतली. तोंड गोल गरगरीत झालं, तेव्हा शेजारी म्हणाले, "मिस्त्री, बायको चांगली खाऊ घालून राहिली!" पुढे ताप येऊ लागला, खोकला हटेना, थुंकीत रक्त आणि तपकिरी कण दिसू लागले. क्षय समजून सुया घेतल्या. फरक पडला नाही. शेवटी दोघांनी धरून मला त्या वॉर्डात नेलं.

बाई खाटेजवळ आल्या आणि माझी छाती तपासण्याआधी त्यांनी खुंटीवरचा माझा सदरा उचलून हुंगला. शकुंतला माझ्या कानात म्हणाली, "डॉक्टर आहे का पोलिसाचं कुत्रं?"

बाईंचे कानही तिखट होते. "कुत्र्याचं नाक माझ्यापेक्षा चांगलं असते वं," त्या म्हणाल्या, "पण त्याले औषध लिहिता येत नाही." मग माझ्याकडे वळून, "काय काम करता?"

"कूलर बनवतो."

"आन् पुडी कोणाची घेता?"

"कोणती पुडी?" मी म्हणालो.

"खोटं काहून बोलता?" शकुंतला उसळली. "पेटीत गड्डी पडली आहे, बाई. आणून देऊ?"

बाई बरोबरच्या डॉक्टरांशी इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत बोलत, पेशंटशी मात्र आमच्यासारखंच. त्या स्टुलावर बसल्या आणि मला समजावून सांगू लागल्या. "हे पाहा मिस्त्री, बुरशीची धूळ साऱ्यायच्याच नाकात जाते. माझ्या, तुमच्या, या तुमच्या बायकोच्या. पण आपल्या अंगात एक झाडणारीन असते. ती रोज सारं झाडून काढते. तुमच्या पुडीत स्टेरॉइड आहे. त्यानं दमा दबला, आन् त्यासंगं झाडणारीनही झोपली. मग कचरा आतच साचन ना?"

"आजपासून पुडी बंद," शकुंतलानं जाहीर केलं.

"एकदम बंद केली तं नवराही बंद पडन तुझा. अंगाले तिची सवय झाली आहे. थोडी थोडी सोडवू."

माझ्या थुंकीच्या तपासणीत आधीही एकदा बुरशी उगवली होती. प्रयोगशाळेत ती बाहेरून पडली असेल असं समजून फेकून दिली गेली. त्यांनाही दोष देता येत नाही. बुरशी हवेतून कुठेही पडते, आणि उन्हाळ्यात तर जास्तच. बाईंनी मला सकाळी उठल्या उठल्या खोल खोकायला लावून पुन्हा पुन्हा नमुने घेतले. दर वेळी तीच बुरशी उगवली. प्रयोगशाळेतले डॉक्टर तरी कुरकुरत होते. बाई त्यांना माझ्यासमोरच म्हणाल्या, "पाहुणा एकदा आला तर चुकून आला म्हणू. रोज जेवायला येतो आहे, म्हणजे इथेच राहतो."

औषधाचं नाव अँफोटेरिसिन. ते नागपुरात मिळत नसे. मुंबईहून बर्फाच्या डब्यात, ओळखीच्या माणसाबरोबर यायचं. ते ग्लुकोजच्या पाण्यातच मिसळायचं, मिठाच्या पाण्यात घातलं तर दुधासारखं नासायचं. उजेड लागू नये म्हणून बाटलीभोवती काळा कागद गुंडाळायचा. आणि थेंब अगदी सावकाश सोडायचे. एक दिवसाआड ती काळी बाटली माझ्या डोक्यावर टांगली जायची आणि थोड्या वेळानं मला अशी थंडी भरायची की खाट वाजायची. बाहेर वैशाखाचं ऊन, वॉर्डातले लोक बनियन काढून बसलेले, आणि मी घोंगड्यांखाली दात वाजवतो आहे. समोरच्या खाटेवर हिंगण्याच्या कारखान्यातला एक फिटर होता. तो ओरडायचा, "पाहा गा, साऱ्या नागपूरले थंडा करनारा मिस्त्री स्वतःच गारठून राहिला!" सगळा वॉर्ड हसायचा. बाईही हसायच्या, पण हात माझ्या मनगटावरून हलायचा नाही.

एकदा नव्या डॉक्टरानं थेंब वाढवले. त्याला बिचाऱ्याला घरी जायचं असेल. बाईंनी येऊन चावी बारीक केली. "बुरशी महिनोन्महिने हळूहळू वाढली," त्या त्याला म्हणाल्या. "तिला काढायला तुला तासभर जास्त लागला तर काय बिघडलं?" मग स्वतःच स्टूल ओढून बसल्या. अशा वेळी त्या फारसं बोलत नसत. शहाळ्याचं पाणी पाजत, केळं सोलून देत, कारण त्या औषधानं रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. माझी लघवी मोजून ठेवायला शकुंतलाला त्यांनीच शिकवलं. मध्ये माझ्या मूत्रपिंडांनी तक्रार केली, तेव्हा बाईंनी औषध थांबवलं. मला वाटलं, संपलं. काही दिवसांनी बाई दारात हुंगून आत आल्या आणि म्हणाल्या, "तपासणी चांगली आली. चला, काळी बाटली लावू." मी आयुष्यात कुठल्याही पाहुण्याचं तेवढ्या आनंदानं स्वागत केलं नसेल.

ताप उतरला. थुंकी पांढरी झाली. एक दिवस मी वॉर्डाचा जिना एका दमात चढलो आणि वर उभा राहून मोठ्यानं बाईंना हाक मारली. त्या रागावल्या, "हा दवाखाना आहे, जत्रा नाही," आणि मग मला पुन्हा एकदा चढून दाखवायला लावलं.

घरी सोडल्यावर महिनाभरानं बाई आपणहून दुकानात आल्या. मागच्या पडवीत आमच्या जुन्या ताट्या रचलेल्या होत्या. आमच्या धंद्यात वडिलांपासून एक समजूत होती की नवी ताटी पहिल्या वर्षी कच्ची असते, दोन-तीन उन्हाळे पाणी प्यालेली मुरलेली ताटीच खरी गार. म्हणून आम्ही जुना वाळा टाकत नसू. उन्हात काठीनं झोडपायचा, वरून पातळसा नवा थर द्यायचा आणि पुन्हा भरायचा. झोडपण्याचं काम माझं. फाल्गुनात त्या पडवीत धूळ अशी उडायची की पलीकडचं माणूस दिसू नये. आम्ही ते अभिमानानं सांगायचो, गिऱ्हाईकही मुरलेली ताटी मागून घ्यायचे.

बाई पडवीच्या दारात थांबल्या. डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ.

"मिस्त्री, ही तुमची मुरलेली ताटीच तुमच्या छातीत मुरली होती."

त्या पुढे म्हणाल्या, "मी कूलरच्या विरुद्ध नाही गा. नागपुरात राहून कोण असन? पण माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत रक्ताच्या कॅन्सरची लेकरं आहेत. मूत्रपिंडाच्या आजारानं स्टेरॉइड घेणारे आहेत. त्यायची झाडणारीन औषधानं मुद्दाम झोपवावी लागते. त्या खोलीपुरती दर आठवड्याले नवी ताटी भरून द्याल का? टाकी घासून द्याल?"

"देईन बाई," मी म्हणालो. त्या वेळी मला ते मनापासून वाटलंही होतं.

त्या खोलीतले कूलर आमच्याच दुकानाचे होते. पुढच्या चैत्रात आमच्याकडे कामाची झुंबड उडाली आणि मी खोलीचं काम आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. बाईंनी वाट पाहिली आणि मग कूलर काढून बाहेर ठेवले. खिडक्यांना रोज धुतलेल्या ओल्या चादरी लावल्या. त्यानं कूलरसारखी गार हवा कुठून येणार? नातेवाईक चिडले. त्यात एका वजनदार माणसाचा मेहुणा त्या खोलीत होता. बाई पेशंटला भाजून मारते, अशी ओरड झाली आणि चौकशी लागली. बाईंना दवाखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर बोलावलं. त्यांनी साक्षीला माझं नाव दिलं.

आदल्या संध्याकाळी आमच्या गल्लीतले चार कूलरवाले दुकानात येऊन बसले. त्यांत सगळ्यांत वडील गुलाबभाऊ. त्यांनी चहा पिऊन कप खाली ठेवला. "तू उद्या एक शब्द बोलशील, मिस्त्री, आन् परवा सारं नागपूर म्हणन का कूलरात रोग असते. ऐन सीझन आहे. आमी काय करायचं?"

"त्या बाईनं मले वाचवलं, भाऊ."

"वाचवलं ना? मग झालं तं. आता आमाले तू वाचव."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत टेबलापलीकडे तिघं बसले होते. बाई एका बाजूला उभ्या होत्या. त्यांना खुर्ची दिली नव्हती. बाई गिरणी कामगाराची लेक. त्यांच्या घरातलं कुणी त्यांच्याआधी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि त्या खोलीत त्यांच्या बाजूनं बोलेल असं कुणी नव्हतं. म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं.

"हे मिस्त्री स्वतः कूलर बनवतात," बाई म्हणाल्या, "आणि जुन्या ताटीच्या धुळीनं काय होतं ते यांनी स्वतः भोगलं आहे. यांना विचारा."

साहेबांनी विचारलं, "काय हो, जुना वाळा पुन्हा वापरता?"

"नाही साहेब. दर वर्षी नवा माल."

"त्याला बुरशी येते?"

"वाळ्याले कशाची बुरशी, साहेब? वाळा तं लोक प्यायच्या माठात टाकतात."

तिघंही हसले. मला ते हसू अजून ऐकू येतं, कारण ते मी मिळवलेलं होतं. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दम्याच्या गोळ्या वेळेवर घेऊन राहिले ना, मिस्त्री? मधेच सोडू नका."

कूलर परत आत गेले. बाईंची बदली लांबच्या जिल्ह्यात झाली. शकुंतलाला मी चार दिवसांनी खरं काय ते सांगितलं. तिनं ताट माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाली, "त्या बाईनं तुमची छाती साफ केली, आन् तुमी तोंड घाण केलं." पुढचे कितीतरी दिवस घरात गरजेपुरतंच बोलणं झालं.

मी पडवीतल्या सगळ्या जुन्या ताट्या बाहेरच्या मैदानात नेऊन जाळल्या. मग हातगाडीवर नवा वाळा टाकून त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेलो आणि कूलर उघडून घासले. त्यानंतर दर आठवड्याला जात राहिलो. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्हाला तर कोणी बोलावलं नव्हतं!" मी म्हणालो, दुरुस्ती आहे. पण तोवर अर्धा उन्हाळा उलटला होता. त्या अर्ध्या उन्हाळ्यात त्या खोलीत कोण होतं आणि त्यांचं काय झालं, हे मी कधीच विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

बाई गेल्या तरी त्यांची रीत गेली नाही. घाईनं थेंब वाढवणारा तो नवा डॉक्टर त्याच वॉर्डात पुढे मोठा झाला. मी ताट्या बदलायला जायचो तेव्हा काळ्या कागदाची बाटली टांगलेली असायची आणि तो शेजारी स्टुलावर बसलेला असायचा. दारात थांबून हुंगायची सवयही त्यानं उचलली होती, फक्त त्याला बाईंइतकं कळायचं नाही. कोणाचा ताप उतरला की मला उगाचच हुरूप यायचा. काही वर्षांनी कळमेश्वरची एक तरुण बाई नवऱ्याबरोबर दुकानात कूलर घ्यायला आली. पोरगी असताना मूत्रपिंडाच्या आजारात तिच्या छातीतही बुरशी झाली होती आणि बाईंच्या नव्या गावी जाऊन ती बरी झाली होती. कूलर सगळ्या बाजूंनी बघून ती मला म्हणाली, "ताटी नवी भराल ना, भाऊ? मॅडमनं बजावून ठेवलं आहे. जुनी दिली तं वासावरून वळखीन मी." मी तिच्यासमोर नवी गाठोडी फोडून ताटी भरली. गल्लीतल्या बाकीच्या दुकानांतही हळूहळू गिऱ्हाईक असंच मागू लागलं. धंदा कोणाचाच बुडाला नाही. गुलाबभाऊंचाही नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा बाई निवृत्त होऊन नागपूरला परतल्या. त्या पावसाळ्यात झोपेतच गेल्या. शोकसभेला मीही होतो. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी पोलिसाच्या कुत्र्याचा किस्सा सांगितला, लोक रडता रडता हसले, आणि मी खाली बसलो.

त्याआधी, चैत्रात, मी त्यांच्या घरी गेलो होतो. सायकलवरून जाताना वाक्य पाठ करत होतो. त्यांच्या बैठकीत बुद्धाची तसबीर होती आणि दोन-तीन शिकाऊ डॉक्टर बसले होते. मला पाहून बाई उठल्या. "हा माझा पहिला," त्या पोरांना म्हणाल्या. "छातीत बुरशी घेऊन आला आन् पायानं चालत घरी गेला. याच्यामुळेच मला नंतरच्यांसाठी हिंमत आली." त्यांनी मला समोर बसवून सदऱ्यावरूनच नळी लावली. "उजवीकडे वर अजून जरा शिट्टी वाजते. ती राहणारच. बाकी घर झाडलेलं आहे." पोरांनाही त्यांनी ऐकायला लावलं. मग त्या नव्या गावच्या पेशंटच्या गोष्टी सांगत राहिल्या. कोण बरं झालं, कोणाचं लग्न झालं. आपल्याला तिथे कशामुळे जावं लागलं, याचा एक शब्दही त्यात नव्हता.

पोरं गेली. आम्ही दोघंच उरलो.

"मिस्त्री," बाई म्हणाल्या, "काही सांगायचं होतं का तुमाले?"

बाई, त्या दिवशी साहेबांच्या खोलीत तुम्ही खरं बोलत होत्या आणि मी खोटं बोललो, माझ्या खोट्यापायी तुमची ती खोली गेली, मला माफ करा. सायकलवर पाठ केलेलं ते एवढंच होतं. ते माझ्या जिभेवर आलेलं होतं.

"यंदा ऊन लवकर तापलं, बाई," मी म्हणालो.

बाईंनी नळी गुंडाळून बाजूला ठेवली.

"हो गा," त्या म्हणाल्या. "तापलं खरं."